मूळ पाठ, प्रक्षेप आणि मोटारींचे परीक्षक

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनातील परीक्षण हा विषय या पानांवर कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्या मते तो इथलाच विषय आहे. एखादी वस्तू अस्सल आहे म्हणजे नेमके काय, तिच्यात मागाहून पडलेली भर कशी जोखायची, आणि जिचे परीक्षण करायचे तिचा मालक परीक्षकाच्या ओळखीचा असेल तर निकालाचे काय होते, हे प्रश्न मोटारीसमोर वही घेऊन उभ्या असलेल्या परीक्षकाला पडतात. निदान पडायला हवेत. हस्तलिखितासमोर बसलेल्या संपादकाला आणि पारितोषिक समितीवरच्या समीक्षकाला पडणारे प्रश्नही हेच. फरक इतकाच की साहित्यात या प्रश्नांवर शंभर वर्षे वाद झाले, मोटारींच्या जगात मात्र निकाल वाचून दाखवला जातो आणि मंडळी चहाकडे वळतात.

हा विषय सुचण्याचे कारण आमचे राहण्याचे ठिकाण. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा हा वाहनांच्या जन्माचा पट्टा आहे. आकुर्डीला बजाजची चेतक तयार झाली (१९७२ पासून). तिथेच बजाज टेम्पोच्या तीनचाकी गाड्या निघाल्या आणि त्यांनी मराठीला 'टेम्पो' हे सामान्यनाम दिले. मूळ कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले तरी भाजी आणणारा माणूस आजही टेम्पोच करतो. पिंपरीच्या टेल्कोमधून १९९१ मध्ये सिएरा बाहेर पडली, १९९८ मध्ये इंडिका आली. पुढे कारखानदारी उत्तरेला सरकली: २००९ मध्ये फोक्सवॅगनने चाकणला कारखाना उघडला, आणि आधी चिखलीत टेल्कोच्या आवारात गाड्या जोडणारी मर्सिडीज-बेंझही त्याच वर्षी चाकणला गेली. या पट्ट्यात लाखो माणसांनी आपली हयात वाहने घडवण्यात घालवली आहे. परंतु कुठले वाहन 'अभिजात' हे ठरवण्याचे सोहळे इथे फारसे होत नाहीत. दिल्लीत स्टेट्समनची मिरवणूक १९६४ पासून निघते. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीजच्या जुन्या गाड्यांचा मेळावाही २०१४ मध्ये सुरू झाला तो मुंबईत. घडवणारे इथे आणि पारखणारे तिथे, अशी ही विभागणी आहे. अलीकडे मात्र मॉलच्या वाहनतळावर, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मैदानावर, गृहसंकुलांच्या आवारात लहानसहान प्रदर्शने भरू लागली आहेत. परीक्षणाचा प्रश्न आमच्या दाराशी आला तो असा.

या स्पर्धांची मूळ कल्पना युरोपातील उमरावांची. इटलीत कोमो सरोवराकाठी व्हिला देस्ते येथे १९२९ मध्ये, तर अमेरिकेत पेबल बीचला १९५० मध्ये ही प्रथा सुरू झाली. तिथे प्रथम नव्याच गाड्या उभ्या राहत आणि कोणती अधिक डौलदार एवढेच पाहिले जाई. पेबल बीचला सर्वोत्तम मोटारीचा मान महायुद्धापूर्वीच्या गाडीला पहिल्यांदा मिळाला तो १९५५ मध्ये, फिल हिल यांच्या १९३१ च्या पिअर्स-ॲरोला. तिथून जीर्णोद्धाराचे युग सुरू झाले. गाडी पूर्ण उकलायची, प्रत्येक भाग नवा भासेल इतका घासायचा, आणि कारखान्यातून निघाली तेव्हाही नव्हती इतकी चकाकी तिला आणायची. परीक्षक शंभर गुणांपासून वजाबाकी करत जाणार. ओरखडा दिसला, गुण कापला. ज्याच्याकडे पैसा जास्त त्याच्या गाडीवर ओरखडे कमी, हे सांगायला गणित यावे लागत नाही. जिच्यावर काळाच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत अशी गाडी पेबल बीचला सर्वोत्तम ठरायला २०२४ साल उजाडावे लागले. ती १९३४ ची बुगाती टाइप ५९, एके काळी बेल्जियमच्या राजाकडे असलेली. म्हणजे खरचटलेल्या रंगाला मान मिळाला तोही राजाच्या घरून आला म्हणून की काय, अशी शंका आम्हांला चाटून गेली. पण ते असो.

पक्षपात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पाकीट येते. या क्षेत्रात पाकिटाची गरज पडत नाही. जुन्या मोटारींचे जाणकार मोजके असतात, संग्राहकही मोजके, आणि जीर्णोद्धार करणारे कारागीर त्याहून मोजके. तेव्हा परीक्षकाने समोरची गाडी पूर्वी दुरुस्त केलेली असते, तिच्या मालकाच्या घरी तो जेवलेला असतो, किंवा पुढच्या वर्षी हाच मालक परीक्षक होऊन त्याच्या गाडीसमोर उभा राहणार असतो. कादंबरीची हस्तलिखित प्रत नाव झाकून परीक्षकाकडे पाठवता येते. दुर्मीळ मोटारीचे नाव झाकता येत नाही, कारण ती गाडी हेच मालकाचे नाव असते. यात कोणी लबाड असेलच असे नाही. सारे सज्जन असूनही निकाल वाकडा लागू शकतो.

तो वाकतो कुठे? बहुतेकांना वाटते गुण देताना. आमचे निरीक्षण असे की गुण देण्याच्या कितीतरी आधी, वर्गवारी करताना. कोणत्या गाड्या कोणत्या वर्गात बसवायच्या हे आयोजक ठरवतात, आणि एखाद्या गाडीला तिच्यासाठीच शिवलेला वर्ग मिळाला की पुढचे परीक्षण हा उपचार उरतो. काही वर्षांपूर्वी चिंचवडमधील अशाच एका प्रदर्शनाला (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) आम्ही गेलो होतो. देशी बनावटीच्या वाहनांचा एक वर्ग पत्रकात छापलेला होता. सकाळी तो 'प्रवेशिका अपुऱ्या' म्हणून रद्द झाल्याचे सांगण्यात आले. त्यात तीन गाड्या होत्या. दुसरीकडे एका परदेशी मोटारीचा वर्ग त्या एकाच गाडीनिशी चालू राहिला आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. तिचा जीर्णोद्धार परीक्षकांपैकी एकाच्या गॅरेजात झाला होता, हे स्वतः मालकांनीच मोठ्या अभिमानाने सांगितले. त्यांना त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही, आणि आम्हांला सर्वांत बोलके वाटले ते हेच.

रद्द झालेल्या वर्गातला एक तीनचाकी टेम्पो मग 'इतर' या सदरात गेला. त्याचे मालक एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले गृहस्थ. गाडीबरोबर त्यांनी एक जाडजूड वही आणली होती. वडिलांनी टेम्पो घेतला तेव्हापासूनची प्रत्येक दुरुस्ती तीत तारखेनिशी लिहिलेली: कुठला भाग बदलला, कुठून आणला, मूळ मिळाला नाही तेव्हा कुठल्या लेथवर कोणी करून दिला. परीक्षकांनी इंजिन मूळचे नाही एवढे पाहिले आणि पुढे गेले. वही कोणी उघडली नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही वही ओळखीची वाटेल. तिला आपल्याकडे पाठचिकित्सा म्हणतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली, आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. सव्वा हजारांहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. या आवृत्तीचा आदर करणारे अनेकदा समजतात की तिने प्रक्षेप फेकून दिले. तसे झाले नाही. जे मूळ पाठात बसत नाही ते तळटीपांत आणि परिशिष्टांत गेले, कोणत्या हस्तलिखितात ते सापडते या नोंदीसह. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही आपल्या सर्वांच्या आवडीची कथादेखील संहितेतून परिशिष्टात गेली. पण ती तिथे आहे, वाचता येते, आणि ती संहितेत का नाही हे कोणीही तपासू शकतो. संपादकाच्या मर्जीला तिथे वाव राहिला नाही, कारण त्याने प्रत्येक निर्णयाचा पुरावा त्याच पानावर मांडला.

याच पट्ट्यातील आळंदीशी जोडलेले दुसरे उदाहरण द्यायचे तर एकनाथांचे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीन शतकांच्या हस्तांतरात शिरलेले अपपाठ त्यांनी काढले आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये असेही बजावले. हा जीर्णोद्धारच. पण नाथांनी काय काढले आणि कशाच्या आधारे, याची नोंद आपल्यापाशी नाही. आपण नाथांच्या अधिकारावर विश्वास ठेवतो, सुकथनकरांच्या तळटीपांवर विश्वास ठेवतो, आणि हे दोन विश्वास निराळे आहेत. मोटारींच्या परीक्षकांना आज नाथांचा अधिकार हवा असतो. तळटीप लिहायची तयारी नसते. नाथांच्या ठायी असलेला अधिकार मात्र गॅरेज चालवून येत नाही.

आणि मोटारीतला प्रक्षेप म्हणजे काय? भारतात परदेशी मोटारींचे सुटे भाग मिळणे चाळीस-पन्नास वर्षे दुरापास्त होते. आयातीवर बंधने होती, परकीय चलन नव्हते. त्यामुळे मोठ्या अमेरिकन गाडीत डिझेल इंजिन बसले, एका कंपनीच्या गाडीला दुसऱ्याच कंपनीचे दिवे आले, आणि मिस्त्रींनी घासून-ठोकून असे भाग केले की मूळ कारखान्यातल्या अभियंत्याने तोंडात बोट घालावे. परदेशी गुणपत्रिका जशीच्या तशी इथे आणली की हे सारे वजाबाकीत जाते. ज्याला परदेशातून भाग मागवणे परवडते त्याची गाडी अस्सल, आणि ज्याने चिंचवडच्या लेथवर भाग करून गाडी चालती ठेवली त्याची बाटलेली. हा निकष वरून तटस्थ दिसतो. आमच्या मते तो पक्षपातीच आहे, आणि अधिक चिवट पक्षपाती, कारण त्यासाठी कोणाला कोणाची बाजू घ्यावीच लागत नाही.

खरे तर परीक्षकाची परीक्षा कशी घ्यावी, हे या पट्ट्याइतके कोणालाच कळत नसेल. यंत्रशाळेत काम केलेल्या कोणालाही 'गेज आर अँड आर' हा शब्दप्रयोग विचारून पाहावा. मापनाचे साधन आणि मापणारा माणूस विश्वासार्ह आहेत की नाहीत हे तपासण्याची ही रीत. साधारणतः दहा नग घेतात, तीन तपासनीस बसवतात, आणि प्रत्येकाकडून प्रत्येक नग दोन-तीनदा मोजवून घेतात. नगांचा क्रम बदललेला असतो, आधीचे माप तपासनिसाला दिसत नाही. मग हिशेब करतात की मापांमध्ये दिसणारा फरक नगांतला किती आणि मापणाऱ्यांतला किती. मापनातून आलेला वाटा दहा टक्क्यांच्या आत असेल तर व्यवस्था उत्तम, तीसच्या वर गेला तर ती मोडीत. एकच माणूस सकाळी एक आणि दुपारी दुसरे माप सांगत असेल तर ते उघड होते. दोन माणसे एकाच नगाला वेगळे मोजत असतील तर तेही. यात कोणाचा अपमान होत नाही. शिवाय जो जॉब काढतो त्याचाच शब्द अंतिम धरून माल रवाना होत नाही, ही शिस्त इथल्या कारखान्यांत नवशिक्या प्रशिक्षणार्थीलाही शिकवतात. बाराशे रुपयांच्या भागाला आपण ही काळजी लावतो. पन्नास वर्षे जपलेल्या गाडीला मात्र गॅरेजवाल्याने स्वतःच्याच कामाला गुण द्यावेत, आणि आपण टाळ्या वाजवाव्यात!

परीक्षकांना प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्याच पाच गाड्या स्वतंत्रपणे दाखवून त्यांचे गुण ताडून पाहणे ही काही अवघड गोष्ट नाही. कुणी म्हणेल, सौंदर्य हे मायक्रोमीटरने मोजायचे नव्हे. मान्य. आपल्या काव्यशास्त्राने रसिकाला 'सहृदय' म्हटले ते उगाच नव्हे. मोटारीच्या मडगार्डची वळणदार रेषा पाहून ज्याच्या मनात काही हलत नाही त्याने परीक्षक होऊ नये. पण रुची आणि मर्जी यांत भेद आहे. रुची आधी सांगता येते: मला युद्धपूर्व गाड्या आवडतात, मला झळाळी नको, मला उघडी गाडी बंद गाडीपेक्षा सुंदर वाटते. ती मालकागणिक बदलत नाही. मर्जी मालक दिसल्यावर ठरते, आणि मग तिच्यासाठी कारणे शोधली जातात. परीक्षकाची कारणे लेखी असतील तर चार प्रदर्शनांची कागदपत्रे शेजारी ठेवून हा भेद कोणालाही दिसेल. कारणेच नसतील तर सहृदय आणि स्नेही यांना वेगळे करण्याचा मार्ग उरत नाही.

आपल्या क्षेत्राचा टेंभा मिरवावा अशी साहित्याची स्थिती आहे असेही नाही. प्रस्तावना लिहिणारा, शिफारस करणारा आणि समितीवर बसणारा एकच असण्याचे प्रसंग वाचकांना आमच्याहून अधिक ठाऊक असतील. तरी दोन घटना नोंदवू, दोन्ही २०२२ च्या. सप्टेंबरात पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी मानाचा करंडक कोणालाच न देण्याचा निर्णय घेतला. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. निर्णय कठोर होता असे आम्हांलाही वाटते. पण तो निर्णय परीक्षकांचा होता आणि त्यावर उघड वाद घालता आला. डिसेंबरात कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने आदेश काढून रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. हा अन्याय वरून आला. वरून आलेला अन्याय दिसतो, त्याविरुद्ध राजीनामे देता येतात, आणि ते दिले गेले. मोटारींच्या मैदानातला अन्याय शेजारून येतो, हसत हात मिळवत. त्याविरुद्ध राजीनामा कोणी कशाचा द्यायचा?

याच परिसरातील बैलगाडा शर्यतीचा दाखला इथे द्यायचा मोह होतो. बंदी उठल्यानंतर मे २०२२ मध्ये चिखलीला जी प्रचंड शर्यत झाली तिच्यात जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर अशी बक्षिसे होती. खेड-मावळच्या घाटांवर गाडे एकामागून एक सुटतात आणि निकाल सेकंदांत लागतो. तो आकडा भोंग्यावरून सगळ्या गावाला ऐकू जातो. बैल कोणाचे याला घड्याळ विचारत नाही. तिथे पुढाऱ्याचा गाडाही हरतो. पण मोटारीचे परीक्षण घड्याळावर सोपवता येत नाही, म्हणून हा दाखला फार ताणण्यात अर्थ नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच, ती भोंग्याची: आकडा सर्वांना एकाच वेळी ऐकू गेला पाहिजे.

हे सगळे हौशी लोकांच्या करंडकापुरते असते तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न झालेली दुचाकी-चारचाकी वाहने तीस पात्र. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क. पात्रता तपासायला राज्य पातळीवर समिती. म्हणजे 'मोठा बदल' कशाला म्हणायचे हे ठरवणारा डोळा आता कायद्याचा डोळा झाला. आंतरराष्ट्रीय महासंघ तीस वर्षांचे वाहन ऐतिहासिक मानतो, आपला नियम पन्नास मागतो. आणि खासगी वाहनाला पंधरा वर्षांनंतर पुन्हा तंदुरुस्ती दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांत गाडी ना नवी, ना वारसा. या त्रिशंकू अवस्थेतून तगून बाहेर कोणती गाडी येते? जिला बंद गॅरेज आणि पगारी मिस्त्री आहे ती. रोज चाकणच्या रस्त्यावर माल वाहणारा टेम्पो इंजिन बदलल्याशिवाय पन्नाशी गाठतच नाही.

१९७२ ची चेतक २०२२ मध्ये पन्नास वर्षांची झाली. या स्कूटरसाठी एके काळी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबत. परदेशातल्या नातलगाने परकीय चलनात पैसे भरले तर ती लवकर मिळे. म्हणजे रांग कशी लागते आणि कोण ती ओलांडतो याचा अनुभव त्या स्कूटरच्या गाठीशी पहिल्या दिवसापासून आहे. आता तीच स्कूटर वारशाच्या रांगेत उभी आहे, आणि तिथेही पुढे कोण आहे हे तिला दिसते आहे.

आमची मागणी मोठी नाही. परीक्षकाने ज्या गाडीवर काम केले, जिचा व्यवहार केला, तिच्या वर्गातून त्याने उठून जावे, आणि उठल्याचे जाहीर व्हावे. वर्गवारी प्रवेशिका बंद होण्याआधी ठरावी, नंतर बदलू नये. गुणपत्रिका कारणांसह फलकावर लागाव्यात. देशात झालेल्या दुरुस्त्या कागदोपत्री नोंदवलेल्या असतील तर त्यांना गुण कापण्याऐवजी द्यावेत. किमान वही उघडून पाहावी. आणि समितीवर एक जागा अशा माणसाची असावी ज्याने ते वाहन किंवा त्याच्या जातीचे वाहन स्वतः जोडले आहे.

ही शेवटची सूचना आम्ही एका आयोजकांपुढे मांडली तेव्हा ते म्हणाले, कामगाराला जोडणी कळते, अभिजातता कळेलच असे नाही. आकुर्डीच्या कारखान्यात वाहनांची जोडणी २००७ मध्ये थांबली. पुढे २०२२ पासून त्याच आवारात विजेवर चालणाऱ्या चेतक निघू लागल्या. जुन्या चेतकवर काम केलेले अनेकजण निगडी, यमुनानगर, चिंचवड परिसरात राहतात. बहुतेकांनी साठी ओलांडली आहे. मूळ रंगाची छटा कोणती, कुठल्या वर्षी कुठला बोल्ट बदलला, कारखान्यातूनच कुठली वेडीवाकडी जोडणी बाहेर पडत असे, हे त्यांना ठाऊक आहे. आमच्या माहितीतल्या एकाही प्रदर्शनाने अजून त्यांच्यापैकी कोणाला परीक्षक म्हणून बोलावलेले नाही.